शूर्पणखेची फिर्याद : खलपात्राच्या बाजूचा मराठी इतिहास

देवळाली कॅम्पचे नाव इंग्रजी भाषेत एका विशेषणाच्या रूपाने शिरले आहे. ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला. शब्दाचे मूळ लष्करी बोलीत आहे. सेवेची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत राहत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे शरदापासून वसंतापर्यंतच सुटत. हंगाम हुकला की पुढची बोट लागेपर्यंत काम नसलेल्या माणसांनी महिनोन् महिने तेथेच काढावयाचे. रिकामपण, उष्मा, दारू आणि हिवताप यांनी काहीजण बिघडत. या बिघाडाला शिपाई ‘देवळालीचा ताप’ म्हणू लागले. त्यातला ‘ताप’ हा शब्द आपल्याच भाषांतला. पुढे तो गळाला आणि गाव तेवढे उरले. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही छावणी आली आहे आणि बीबीसीने १९७४ ते १९८१ या काळात दाखविलेल्या एका विनोदी मालिकेतील नाट्यपथकाचा तळही प्रारंभी देवळालीलाच होता. दोष जहाजांच्या वेळापत्रकाचा आणि माणसे कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. बदनाम झाले ते गाव. नाव ठेवणारे निघून जाणारे होते, नाव ज्याला पडले ते जागच्या जागी राहिले. गावच्या माणसांचे याविषयी काय म्हणणे होते, याची कोशातील नोंदीला दखल घेण्याचे कारण नव्हते.

ही नोंद येथे केवळ गंमत म्हणून दिलेली नाही. देवळालीच्या शेजारचे नाशिक हे ज्या घटनेवरून आपले नाव सांगते तिची रचना नेमकी अशीच आहे. ‘नाशिक’ची व्युत्पत्ती नऊ शिखरांशीही जोडली जाते; परंतु लोकमानसाने निवड केली आहे ती नासिकेची. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून हे नाशिक. एखाद्या शहराने आपले नाव विजयावरून, देवतेवरून वा राजावरून घ्यावे हे सर्वत्र आढळते. एका स्त्रीच्या विद्रूपीकरणावरून घ्यावे, आणि तेही शतकानुशतके निर्विघ्नपणे उच्चारावे, ही गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे.

खलपात्र खरोखरच दोषी आहे काय, हा प्रश्न आज व्हिडिओ गेम खेळणाऱ्या पिढीत मोठ्या हिरिरीने चर्चिला जातो आणि तो त्या माध्यमानेच निर्माण केला असा समज असतो. मराठी वाङ्मयापुरते पाहिले तर हा प्रश्न जुना आहे. इतकेच नव्हे, तर त्याला निरनिराळ्या काळांत दिलेली उत्तरे परस्परांहून मूलतः भिन्न आहेत. ही भिन्नता लक्षात न घेतल्याने आपल्याकडे ‘खलनायकाला न्याय देणारी’ प्रत्येक कलाकृती आपोआप पुरोगामी ठरविण्याची सवय जडली आहे.

प्रथम पंचवटीतील प्रसंग. वाल्मीकींच्या अरण्यकांडात शूर्पणखा येते ती आपल्या मुलखात आलेल्या परक्यांना पाहावयास. जनस्थान तिच्या भावांच्या, खर-दूषणांच्या ताब्यातले आहे. राम तेथे वनवासाची मुदत काढीत आहे, परत जाणार आहे. तिच्या प्रवेशाबरोबर निवेदक राम आणि ती यांची जोडीजोडीने तुलना करतो: तो सुमुख, ती दुर्मुखी, तो तरुण, ती वृद्ध, त्याचा स्वर गोड, तिचा कर्कश. ती एक शब्द बोलण्यापूर्वीच वर्णनाने निवाडा दिलेला आहे. यानंतर ती आपले नाव, कुळ आणि हेतू काहीही न लपविता सांगते. या संवादात सरळपणा आहे तो तिच्याच बाजूला. राम थट्टेने तिला लक्ष्मणाकडे पाठवितो आणि त्याला पत्नी नाही असे सांगतो. ऊर्मिला अयोध्येत आहे. टीकाकारांनी या एका विशेषणाचे अर्थ लावता लावता पुष्कळ कष्ट घेतले आहेत. लक्ष्मणही थट्टेनेच तिला परत पाठवितो. ती थट्टा तिला उमजत नाही, ती सीतेवर धावून जाते आणि राम शिक्षा फर्मावतो. सीतेवर धावून जाणे हा अपराध आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो शिक्षेच्या स्वरूपाचा आणि त्याआधीच्या खेळाचा. अशा क्रूरांशी थट्टा करू नये, असे राम स्वतःच लक्ष्मणाला नंतर सांगतो. म्हणजे चूक घडली हे संहितेलाही मान्य आहे. ती चूक कोणाच्या अंगावर उमटली एवढेच संहिता पुढे विसरते.

उत्तरकांडात या स्त्रीचा पूर्वेतिहास येतो. तिचा पती विद्युज्जिह्व हा कालकेयांशी झालेल्या युद्धात रावणाच्याच हातून मारला गेलेला आहे आणि तिच्या आक्रोशावर उपाय म्हणून रावणाने तिला खराबरोबर दंडकारण्यात पाठविले आहे. भावाने विधवा केलेली आणि दूर धाडलेली ही बाई त्याच भावाच्या दरबारात फिर्याद घेऊन जाते. तेथे ती केवळ रडत नाही. हेर न ठेवणारा, विषयात गुंतलेला, राज्याच्या सीमेवर काय चालले आहे हे न जाणणारा राजा कसा नष्ट होतो, यावर ती जे बोलते ते राजनीतीच्या कोणत्याही ग्रंथात शोभावे. पुढे आपल्या अपमानाचे कारण सांगताना ती खोटे बोलते: सीतेला आपण तुझ्यासाठीच आणावयास गेलो होतो. हे खोटे सांगण्याची गरज तिला का पडावी? स्वतःच्या इच्छेपोटी अपमान झालेल्या स्त्रीला त्या दरबारात दाद मिळाली नसती. राजाच्या इच्छेपोटी झालेल्याला मिळाली. तिच्या लबाडीचा असा अर्थ लावता येतो, आणि तो लावला की तिचे खलत्व नाहीसे होत नाही, पण ते कोठून आले हे दिसू लागते.

प्राचीन काव्यशास्त्राला हा पेच ठाऊक होता. मात्र त्याने तो वेगळ्या दिशेने सोडविला. नायकाच्या शत्रूचे कुळ, पराक्रम आणि विद्या यांचे वर्णन करून मग त्याचा पराभव दाखवावा, त्यातून विजेत्याचा उत्कर्ष सिद्ध होतो, ही रीत दंडीला भावते. एकदा ज्याला कुलशीलाने उंचावर बसविले त्याचाच दुसऱ्याच्या उत्कर्षासाठी वध सांगू नये, अशी भामहाची अडचण आहे. या मतभेदात भामहाचा आक्षेप अधिक नैतिक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. परंपरेने मात्र व्यवहारात दंडीचेच ऐकले. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायक लोभी, धीरोद्धत, हट्टी आणि पापी असा सांगितला आहे, तरी संज्ञा ‘प्रतिनायक’ अशीच आहे. तिच्यात समोर उभे राहणे आहे. मराठीत रूढ झालेल्या ‘खलनायक’ या शब्दाने तो समोरासमोरपणा पुसून टाकला आणि शीलाचा निकाल नावातच बसविला. भासाचे ‘ऊरुभंग’ १९१२ साली त्रिवेंद्रमहून छापले गेले, तेव्हा मांड्या मोडलेला, शांत, क्षमाशील दुर्योधन पाहून अभ्यासकांना वाटलेले आश्चर्य हे बव्हंशी या शब्दबदलाचे फलित होते.

मराठी परंपरेत ‘खळ’ या शब्दाला आणखी एक वळण मिळाले. शके १२१२ मध्ये नेवाशास पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस खळांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या ठिकाणचे वाकडेपण जावे एवढेच मागितले आहे. एकनाथांचे ‘भावार्थरामायण’ विरोधभक्तीच्या कल्पनेला जवळचे आहे. भागवतातील जय-विजयांची कथा या कल्पनेचा पाया: वैकुंठाचे द्वारपालच शापाने हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्र होऊन येतात व वैर करीत करीत परत जातात. ही कल्पना उदार आहे, पण तिच्यातली मेख पाहिली पाहिजे. खलपात्र निर्दोष ठरते ते विश्वाच्या पातळीवर, नाटकातील सोंग म्हणून; त्याचे म्हणणे काय होते हे ऐकून घेण्याची गरज त्यामुळेच उरत नाही. शिवाय ही सवलत द्वारपालांना आहे. शूर्पणखेला वैकुंठातील पूर्वपद या कथेत नाही.

वालीच्या बाबतीत फिर्याद प्रत्यक्ष मांडली जाते आणि उत्तरही द्यावे लागते, म्हणून किष्किंधाकांडातील तो संवाद या इतिहासात मध्यवर्ती आहे. दुसऱ्याशी लढत असताना, आडून, ज्याने तुझे काही बिघडविले नाही अशाला का मारलेस, असे वाली विचारतो. रामाची उत्तरे दोन प्रकारची आहेत. ही भूमी इक्ष्वाकूंची, भरत तिचा राजा, आम्ही त्याचे अंमलदार. धाकट्या भावाची पत्नी तू ठेवून घेतलीस, म्हणून दंड. आणि दुसरे, तू वानर. मृगयेत पशूला आडून मारतात, त्यात दोष नाही. पहिल्या उत्तरात वाली मानवी धर्माने बांधलेला आहे, दुसऱ्यात तो धर्माच्या कक्षेबाहेरचा पशू आहे. अपराध ठरविताना माणूस आणि शिक्षा देताना जनावर, ही दुहेरी मोजणी पुढील काळातल्या अनेक राज्यकर्त्यांना उपयोगी पडली आहे. संहितेत वालीचे समाधान होते. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाले. त्यातील छप्पन्न गीतांत शूर्पणखेला दोन मिळाली, एक प्रणयाचे व एक सुडाचे. वालीवधाच्या प्रसंगी मात्र गीत आहे ते रामाचे. प्रश्नकर्त्याचा प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या तोंडून ऐकू येतो. घराघरांत ऐकल्या गेलेल्या मराठी रामकथेत वाली स्वतः गात नाही.

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि खलपात्राच्या बाजूच्या मराठी इतिहासातला खरा खंड तेथे पडतो. दशावतारांची उलटतपासणी करणाऱ्या या संवादात, धोंडीबाच्या प्रश्नांना जोतीराव उत्तरे देतात, बळी हा प्रजेचा राजा आहे आणि वामन हा बाहेरून चालून आलेल्यांचा पुढारी. खंडोबा, म्हसोबा ही दैवते बळीच्या राज्यातील अधिकारी ठरतात. फुल्यांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राच्या कसोटीला बहुतांशी उतरणार नाहीत, आणि त्या उतरविण्याचा खटाटोपही निरर्थक आहे. त्यांच्या वाचनाचे बळ अन्यत्र आहे. बळीचे राज्य येवो हे मागणे शेतकऱ्यांच्या घरांत दिवाळीला ओवाळताना केले जातच होते. म्हणजे पुराणात पाताळात ढकललेल्या राजाची आठवण लोकांनी शाबूत ठेवली होती. फुल्यांनी ओवाळणाऱ्या बाईचे मागणे आणि पोथीतला निकाल यांतील विसंगती प्रथमच इतिहासाचा पुरावा म्हणून वाचली. बळी दिलदार होता म्हणून त्याची दया यावी, असे ते म्हणत नाहीत. असुर, राक्षस ही नावे कोणी दिली, केव्हा दिली आणि त्या नावांच्या आधारे आज कोणाची जमीन, विद्या व माणुसकी हिरावली जाते, हा त्यांचा मुद्दा आहे.

या वाचनामागे जे पणाला लागलेले होते ते नाशिकमध्ये उघड्यावर आले. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख आधारस्तंभ होते. शूर्पणखेला जेथून नाक कापून पाठविले त्या पंचवटीतच माणसे रामाच्या दारापर्यंत जाण्याचा हक्क मागत होती आणि तो त्यांना नाकारला जात होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. पुराणातील दोषारोपाची फेरतपासणी हा अभ्यासिकेतला छंद का नव्हता, हे सांगावयास याहून निराळ्या युक्तिवादाची गरज नाही.

स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्याने खलपात्राची बाजू घेतली ती मोठ्या उत्साहाने, पण फुल्यांच्या वाटेने नव्हे. नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ १९५३ चे, शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ १९६७ चे, रणजित देसाई यांचे ‘राधेय’ १९७३ चे. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण बोलतात आणि निवेदनाची ही विभागणी वरवर पाहता बहुस्वरी वाटते. प्रत्यक्षात सहाही आवाज एकाच मूर्तीला हार घालीत आहेत. अन्याय सोसलेला, दानशूर, तेजस्वी कर्ण वाचकाचा आवडता नायक होतो. नायकपदाच्या कल्पनेला धक्का लागत नाही, फक्त त्या आसनावरचा माणूस बदलतो. सभापर्वात द्रौपदीची वस्त्रे उतरविण्यास सांगणारा कर्णच आहे, ही गोष्ट अशा लेखनाला नेहमीच अडचणीची ठरते. करुणेने रंगविलेल्या खलपात्राचे हेच दुखणे: त्याची बाजू घ्यावयाची तर त्याने ज्यांना दुखावले त्यांची बाजू पुसट करावी लागते. ‘मृत्युंजय’ची लोकप्रियता तिच्या वाङ्मयीन गुणांनी जितकी समजते त्याहून अधिक ती मराठी मध्यमवर्गाच्या डावलले गेल्याच्या भावनेतून समजते, असे म्हटल्यास ते कादंबरीवर अन्यायकारक ठरू नये.

इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ त्याच १९६७ सालचे. एकाच वर्षी आलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. कर्णाच्या गहिवराला तेथे थारा नाही. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, दोषाची वाटणी तेथे अधिक कठोरपणे होते. खांडववनाच्या दहनाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले ती मराठी समीक्षेत आधी नव्हती. अग्नीची भूक भागविण्यासाठी वन पेटवायचे, कडेला उभे राहून पळणाऱ्या प्रत्येक जिवाला परत आगीत लोटायचे, आणि ज्यांनी हे केले ते कथेचे नायक. वाचलेल्यांपैकी मयाने पांडवांची सभा बांधली. तक्षकाचा मुलगा अश्वसेन वाचला आणि कर्णपर्वात अर्जुनावर सुटलेल्या बाणावर बसून आला. तक्षक त्या दिवशी वनात नव्हता. पुढे अर्जुनाच्या नातवाचा, परीक्षिताचा, प्राण त्याने घेतला आणि त्याचा सूड म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले. महाभारत सांगितले गेले ते या सत्राच्या मांडवात. ज्या यज्ञात सर्पकुळे जळत आहेत त्याच यज्ञाच्या यजमानाला त्याच्या पूर्वजांची थोरवी ऐकविली जात आहे, ही निवेदनाची चौकट एकदा ध्यानात आली की तक्षकाला सज्जन ठरविण्याची आवश्यकता राहत नाही. त्याचा हिशेब कोठून सुरू झाला एवढे कळले तरी पुरे असते.

ऐतिहासिक व्यक्तींचा विषय येथे ओझरताच घेता येईल. संभाजी महाराजांची बखरी आणि नाटके यांनी रूढ केलेली दुर्वर्तनी प्रतिमा बदलली, ती प्रामुख्याने वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० मधील साधनाधारित चरित्रामुळे; ‘छावा’ ही कादंबरी १९७९ ची. कागदपत्रांनी जे साधले ते सहानुभूतीने साधले असे मानण्याची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. आणि विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगभूमीवर आले तेव्हा उठलेला गदारोळ घाशीरामाविषयी नव्हताच. घाशीराम दुष्ट आहे, याला कोणाचीच हरकत नव्हती. त्याला घडविणारा हात दाखविला, यावर होती.

या पार्श्वभूमीवर व्हिडिओ गेमकडे वळणे वाटते तितके विसंगत नाही. ‘रा.वन’ या २०११ च्या हिंदी चित्रपटात एका मुलाला नायकांपेक्षा खलनायक आवडतात, म्हणून त्याचा बाप त्याच्यासाठी अजिंक्य खलनायक असलेला गेम तयार करतो. त्या पात्राच्या नावात रावणाचा उच्चार जाणूनबुजून ठेवलेला आहे. ही दंडीचीच रीत, शत्रू मोठा तर खेळ मोठा. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक मुलगी असुरांनी पळविलेल्या भावाच्या शोधात निघते आणि असुरराजाचे नाव महाबलासुर आहे. पूर्वीच्या महायुद्धातील पराभवाचा सूड घेण्यास असुर आले आहेत, एवढे सांगितले जाते. त्या युद्धात काय झाले याची फिर्याद त्यांच्या बाजूने मांडली जात नाही. कथा सांगतात त्या दुर्गा आणि विष्णू, म्हणजे त्या युद्धातील एक पक्षच. पहाडी चित्रकलेचा आणि राजस्थानी वास्तूंचा इतका देखणा वापर करणाऱ्या या गेममध्ये मराठी माणसाला त्या नावातला ‘बळी’ ऐकू येतो, गेमला तो ऐकू येत नाही.

अन्यत्र हा प्रश्न माध्यमाच्या रचनेतच घातला गेला. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ या २००५ च्या जपानी गेममध्ये मेलेल्या मुलीला जिवंत करण्यासाठी नायकाने सोळा महाकाय प्राणी मारावयाचे असतात. त्यांतले काही आपण होऊन अंगावरही येत नाहीत. प्रत्येक वधानंतर जयघोषाऐवजी शोकस्वर वाजतात. खांडववनाशी याचे साम्य उघड आहे. फरक असा की, वाचक अर्जुनाला दोष देऊन मोकळा होऊ शकतो, खेळणाऱ्याला बटण स्वतः दाबावे लागलेले असते. ‘द लास्ट ऑफ अस’च्या २०२० मधील दुसऱ्या भागात जिचा सूड घेण्यासाठी अर्धा गेम खर्ची घातला तिच्याच भूमिकेत खेळाडूला पुढे खेळावे लागते, आणि तिच्या बापाला पहिल्या भागात आपणच, त्या नायकाच्या हातांनी, मारलेले आहे हे लक्षात येते. मराठी कादंबरीने कर्णाला ‘मी’ म्हणावयास लावले तेव्हा वाचक त्याच्याशी एकरूप झाला; येथे तो दोघांशी एकरूप होतो आणि कोणाशीच राहू शकत नाही. तंत्राचा हा लाभ मान्य करताना एक मर्यादाही नोंदवावी लागते. खेळाडू हा त्या प्रदेशातला पाहुणाच असतो. गेम बंद करून तो उठू शकतो. देवळालीच्या शिपायाप्रमाणे त्याची बोट केव्हातरी येणारच असते.

शूर्पणखेला अशी बोट नव्हती. रावणाला उठविल्यानंतर संहितेला तिची गरज राहत नाही आणि तिचे पुढे काय झाले ते सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. युद्धकांडात ती पुन्हा एकदा येते, पण फक्त उल्लेखाने. लंकेतील राक्षसी आपल्या मेलेल्या पती-पुत्रांसाठी शोक करीत आहेत, आणि त्या शोकात त्या विचारतात: पोट सुटलेली, म्हातारी, कुरूप शूर्पणखा वनात रामाजवळ गेलीच कशी? तिचे वर्णन करण्यासाठी त्या जी विशेषणे वापरतात ती अरण्यकांडाच्या निवेदकाने पंचवटीत वापरलेलीच आहेत.